उतारवयात घरात दोन-चार कुत्री असतील तर

मुलगा पुण्याला, मुलगी सासरी, घरात नवरा-बायको दोघेच किंवा दोघांतले एकच उरलेले, आणि दाराशी तीन-चार कुत्री. सोलापुरात असे घर शोधायला फार फिरावे लागत नाही. बुधवार पेठेत आहे, विडी घरकुलात आहे, जुळे सोलापुरात फाटकाच्या आतही आहे. यातल्या बहुतेकांनी चार कुत्री पाळायची असे ठरवलेले नसते. पावसात भिजलेले एक पिल्लू सुट्टीला आलेल्या नातवाने उचलून आणले. सुट्टी संपली, नातू गेला, पिल्लू राहिले. ती मादी निघाली. तिची नसबंदी वेळेत झाली नाही आणि पहिल्याच वेतात पाच-सहा पिल्ले झाली. दोन कोणी नेली, एक गाडीखाली गेले, उरली ती घरची झाली. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते आणि वर्षातून बहुधा दोनदा माजावर येते. एकाची चार व्हायला वर्षसुद्धा लागत नाही.

आरोग्याच्या पानावर कुत्र्यांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. डॉक्टरांनी 'दाखल व्हा' म्हटले की अशा घरातून एक उत्तर हमखास येते, 'माझ्या मागे या मुक्या जीवांना कोण बघणार?' मग छातीत दुखत असताना रात्र घरीच काढली जाते. मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यावर जाते. मुलाकडे जाऊन करायची तपासणी राहूनच जाते. कुत्रा चावण्याची भीती सगळ्यांना असते, पण कुत्र्यांची सोय लागलेली नाही म्हणून माणसाचा उपचार लांबणे हा धोका कोणी मोजत नाही. माझ्या मते तो चावण्याइतकाच मोठा आहे. या लेखात दोन्हींचा विचार करू.

टॉबी आणि जुनी जखम

राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला आंबेडकर कुटुंबाचा फोटो आपल्यापैकी अनेकांच्या भिंतीवर आहे. त्यात यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव दिसतात. आणखी एक जण त्या फोटोत आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. ग्रंथांसाठी बांधलेल्या त्या घरात कुत्र्यालाही जागा होती आणि घरच्यांच्या फोटोतही त्याला जागा मिळाली.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या काही घरांत कुत्र्याचे कौतुक जुन्या माणसांना आवडत नाही. त्यामागे कारण आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरांना, कुत्र्या-मांजरांना पाणी पिता येत होते आणि आपल्या माणसांना ते शिवता येत नव्हते. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह त्यासाठीच झाला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कुत्र्यापेक्षा खालची वागणूक सोसली, त्यांना 'कुत्र्यावर प्रेम करा' असा उपदेश करणाऱ्यांचा राग येणे साहजिक आहे. पण त्यात कुत्र्याचा दोष नव्हता.

बौद्ध वाङ्मयात कुक्कुर जातक म्हणून एक कथा आहे. पुनर्जन्माचा भाग बाजूला ठेवून वाचली तरी ती मोठी न्यायाची कथा आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडी साज रात्री पावसात भिजतात आणि कोणीतरी कुरतडतात. राजा चिडून शहरातली सगळी कुत्री मारण्याचा हुकूम देतो, फक्त राजवाड्यातली सोडून. स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा म्होरक्या दरबारात येतो आणि विचारतो की दोष कोणाचा हे न तपासता शिक्षा का? तो राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात कुटलेले दर्भ पाजायला लावतो. त्यांच्या ओकारीतून चामडे बाहेर पडते. वाड्यातल्यांचा गुन्हा आणि रस्त्यावरच्यांना शिक्षा, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आपल्या संविधानात कलम ५१अ (छ) प्रमाणे सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. हे कलम मूळ मसुद्यातले नाही, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले. व्याख्यानात संदर्भ देताना एवढे ध्यानात असू द्यावे.

फायदा होतो का?

होतो, पण किती आणि कशाने हे नीट समजून घेतले पाहिजे. स्वीडनमध्ये ४० ते ८० वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदी बारा वर्षे तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकट्याने राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता त्यांच्यात मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळला. याचा अर्थ कुत्रा आणला की आयुष्य वाढते असा नाही. जो आधीच चालता-फिरता, तब्येतीने बरा आहे तोच कुत्रा पाळतो, असेही असू शकते. तरी दोन गोष्टी पटण्यासारख्या आहेत. कुत्रे माणसाला घराबाहेर काढते, आणि त्याच्यामुळे दिवसाला वेळापत्रक राहते. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर सकाळी उठायचे कशासाठी, हा प्रश्न किती जड असतो ते ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांना ठाऊक आहे.

या वेळापत्रकाचा एक सरळ उपयोग करून घ्या. आपल्या गोळ्या कुत्र्यांच्या जेवणाच्या वेळेला बांधा. आपण गोळी विसरतो, कुत्रे जेवण विसरत नाही. सकाळी सात वाजता ते भांड्यापाशी येऊन उभे राहिले की आधी आपली रक्तदाबाची गोळी, मग त्यांची भाकरी. मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र क्रम काटेकोर पाळावा. इन्शुलिन टोचून कुत्र्यांचे वाढायला, अंगण झाडायला गेलात आणि स्वतःची न्याहारी राहिली, तर साखर एकदम उतरून चक्कर येते. आपले ताट तयार झाल्याशिवाय सुई घ्यायची नाही आणि सुई घेतल्यावर आधी आपण जेवायचे. कुत्री दहा मिनिटे थांबतात.

पडणे

उतारवयात कुत्र्यांमुळे होणारी सगळ्यात मोठी इजा चावण्याने होते असे आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या आकड्यांवरून पडण्याकडेही तितकेच लक्ष द्यावे लागेल असे दिसते. तिथे पाळीव कुत्र्या-मांजरांमुळे पडून दरवर्षी ८६ हजारांहून अधिक माणसे तातडीच्या उपचारांसाठी जातात असा अंदाज २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांत बहुसंख्य कुत्र्यांमुळे पडलेली होती. दुसऱ्या एका पाहणीत ६५ वर्षांवरील लोकांचे दोरीने कुत्रा फिरवताना हाड मोडण्याचे प्रमाण २००४ मध्ये १,६७१ होते, ते २०१७ मध्ये ४,३९६ वर गेले. त्यांत चारपैकी तीनहून अधिक स्त्रिया होत्या आणि सर्वाधिक वेळा मोडलेले हाड खुब्याचे होते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. आयुष्यभर पाटावर वाकून विड्या वळलेल्या किंवा गिरणीत उभ्याने पाळ्या केलेल्या शरीराचे गुडघे-कंबर तर आधीच गेलेले असतात.

आपल्या घरांत पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. शहाबादी फरशीवर कुत्र्याने सांडलेले पाणी. मोरीच्या उंबऱ्याशी रात्री आडवे पसरलेले काळे कुत्रे. फाटक उघडताच चौघांनी एकदम पायात घुसणे. उपाय खर्चाचे नाहीत. कुत्र्यांची झोपायची जागा वापरातल्या वाटेपासून दूर, एकाच कोपऱ्यात ठरवून द्या. जुनी सोलापुरी चादर घालून दिली की ती जागा ते सोडत नाहीत. रात्री मोरीकडे जाणाऱ्या वाटेवर झिरोचा दिवा लावा. पट्ट्याला एक घुंगरू बांधा, म्हणजे ऐकू कमी येत असले तरी पायापाशी कोण आले ते कळते. भांडे भिंतीला टेकवून ठेवा आणि खाली गोणपाट टाका.

फिरवताना दोरी मनगटाला गुंडाळू नये. कुत्र्याने हिसका दिला तर हातातून सुटलेली दोरी परवडते, मोडलेले मनगट परवडत नाही. एका वेळी एकच कुत्रा न्यावा. सत्तरीच्या पुढे दोन हातांत दोन दोऱ्या धरून मोटरसायकलींनी भरलेल्या गल्लीतून चालणे म्हणजे खुबा मोडून घ्यायची तयारी. चार कुत्री असतील तर दोन सकाळी, दोन संध्याकाळी. तेवढेही होत नसेल तर शेजारच्या मुलाला हाताशी धरा. मुलांना हे काम आवडते, पण कुत्र्यांना लस दिलेली असेल तरच.

चावणे, ओरखडणे, चाटणे

'आपलेच कुत्रे आहे, ते काय चावणार' या वाक्यावर विसंबू नये. घरात एकाहून अधिक कुत्री असली की ती आपसात भांडतात, बहुधा भांड्यावरून. म्हातारे माणूस मध्ये हात घालते आणि चावा त्या हाताला बसतो. भांडणात हात कधीही घालू नका. बादलीभर पाणी ओता, पत्र्यावर काठी आपटा, अंगावर चादर फेका. त्याहून चांगले म्हणजे चौघांना चार कोपऱ्यांत वाढा आणि जेवण झाले की भांडी उचला. आपले कुत्रेही आपल्याबरोबर म्हातारे होत असते. सात-आठ वर्षांच्या पुढे त्याचे सांधे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, ऐकू येत नाही. झोपलेल्या, बहिऱ्या कुत्र्याला एकदम हात लावला तर ते दचकून चावते. हाक मारून, समोर येऊन मगच हात लावावा.

रेबीजबद्दल समज अजून कच्ची आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा विषाणू लाळेतून जखमेत शिरतो, मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे चढतो. पाण्याची भीती वाटणे वगैरे लक्षणे एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही असेच धरावे लागते. पण लक्षणांच्या आधी लस घेतली तर तो टाळता येतो. जगात माणसांना होणारा रेबीज ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाश्चरने १८८५ मध्ये एका मुलाला पहिल्यांदा ही लस दिली. एवढ्या वर्षांनी आजही आपल्याकडे जखमेत चुना, मिरची, हळद, तंबाखू भरणारी माणसे आहेत.

जखम झाली की पहिले काम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. नळाला पाणी येण्याचा दिवस नसेल तर पिंपातले पाणी तांब्याने ओतत राहा. या पाण्याची काटकसर करू नका. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा, पट्टी घट्ट बांधू नका, टाके घालण्याची घाई करू नका. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर रक्त लवकर थांबत नाही. धुऊन झाल्यावर स्वच्छ कापड दहा मिनिटे दाबून धरा आणि त्या गोळ्या चालू असल्याचे डॉक्टरांना सांगा.

मग त्याच दिवशी दवाखाना. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, जाता येते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ कधीच गेला. आता कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. पहिला दिवस शून्य धरून हे मोजायचे. दंडाच्या स्नायूत दिली तर चौदाव्या दिवसाचा एक डोस वाढतो. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत व जखमेभोवती प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. लसीचा परिणाम यायला काही दिवस लागतात, त्या मधल्या काळात हे इंजेक्शन विषाणूला अडवते. 'फक्त सुई द्या, ते दुसरे नको' असे म्हणू नका. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढचे काय ते डॉक्टर ठरवतील. पण दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ, हा हिशेब जिवावर बेततो.

आता मधुमेही वाचकांसाठी एक खास गोष्ट. धडधाकट कातडीवर कुत्र्याने चाटले तर रेबीजच्या दृष्टीने काही करावे लागत नाही. पण उघड्या जखमेवर किंवा फाटलेल्या कातडीवर चाटले तर ते रक्त येणाऱ्या चाव्याच्याच वर्गात धरतात. मधुमेह्याच्या तळपायाची भेग, न भरणारी जखम, नखाजवळचे सोललेले कातडे आणि ते प्रेमाने चाटणारे कुत्रे, हे दृश्य नेहमीचे आहे. रेबीजशिवाय लाळेतले इतर जंतूही त्या जखमेत शिरतात. पायाची जाणीव गेली असेल तर माणसाला कळतही नाही. झोपेत बधिर बोट कुत्र्याने कुरतडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मधुमेह्याने झोपताना मोजे घालावेत, कुत्र्याला पायथ्याशी घेऊ नये आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहावा.

घरात बरीच कुत्री असतील, रस्त्यावरच्यांनाही घालत असाल, तर चावण्याआधीच लस घेऊन ठेवता येते. पहिला दिवस, सातवा आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा, असे तीन डोस. पुढे कधी चावलेच तर दोनच डोस पुरतात आणि ते प्रतिपिंडांचे इंजेक्शन लागत नाही. कुत्र्यांना तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि नंतर दरवर्षी. त्याचे कार्ड आपल्या रेशनकार्डाशेजारी ठेवा.

गोळ्या, बेदाणे आणि मे महिना

म्हाताऱ्या माणसाची औषधे बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत, खाटेखाली किंवा खुंटीला असतात. कुत्री ती फाडतात. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या तर जीव जाऊ शकतो. तितकेच वाईट म्हणजे लंगडणाऱ्या कुत्र्याला दयेने आपली गोळी देणे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे जातात. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने देऊ नये. औषधे झाकणाच्या डब्यात आणि डबा फळीवर.

खाण्यात द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत. आपला जिल्हा द्राक्षांचा, पाहुणा आला की बेदाणे हातावर ठेवायचे, त्यामुळे हे जरा मोठ्याने सांगावे लागते. कांदा-लसूण त्यांचे रक्त बिघडवतो, म्हणून शेंगाचटणी लावलेली भाकरी घालू नका. चॉकलेट आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडेही नकोत. विडीचा तंबाखू सुपात उघडा ठेवला तर पिल्ले तोंड घालतात, तोही विषच. ज्वारीची भाकरी, वरण, अंडे, बिनमसाल्याचे मटण-चिकन चांगले. नुसत्या दूध-भाकरीवर मात्र कुत्र्याला पुरेसे प्रथिन मिळत नाही.

सोलापूरचा मे महिना चाळिशीच्या वर असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जिभेने, धापा टाकूनच अंग थंड ठेवते. चपट्या नाकाच्या पग जातीला तर तेही नीट जमत नाही. लांब केसांची थंड मुलखातली कुत्री इथे आणणे मला क्रूरपणा वाटतो. आपली गावठी कुत्री, किंवा सीमेपलीकडच्या मुधोळची सडपातळ कारवानी, या उन्हाला बनलेली आहेत. कुत्रे जोरात धापा टाकते, तोंडातून लाळ गळते, हिरड्या लालभडक होतात, तोल जातो, तेव्हा त्याला ऊन लागले आहे. सावलीत घ्या, साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा, डॉक्टरांकडे न्या. बर्फाचे पाणी नको. आणि ज्या पत्र्याच्या खोलीत कुत्रे असे धापा टाकते, त्या खोलीत पंचाहत्तरीचे माणूसही सुरक्षित नसते. वयाबरोबर तहान लागणे कमी होते, त्यामुळे आपल्याला कळायच्या आधी कुत्र्याला कळते. त्याचे भांडे भरायला उठाल तेव्हा आपलाही पेला भरून प्या. ते भांडे रोज घासून भरा. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, मग ते पिंपातले असो की कुत्र्याच्या परळातले.

वर्षावासाचे महिने गोचिडांचे आणि ओलीचे. गोचीड बोटाने चिरडू नये, जाळू नये. चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. कुत्र्याच्या गोचिडीमुळे माणसालाही ताप येऊ शकतो. ताप आणि अंगावर पुरळ आले तर घरात कुत्री आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असे नाही. उंदीर-कुत्र्यांच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो. अंगण धुताना पायांत चप्पल, हातांत मोजे असावेत. जंताचे औषध कुत्र्यांना साधारण दर तीन महिन्यांनी, आणि विष्ठा रोजच्या रोज उचललेली.

एक सूचना आपल्या मंडळांनाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतला डीजे आणि फटाके यांनी कुत्री बिथरतात, पळून जातात, नेहमी शांत असलेलेही चावते. हृदयरोगी म्हाताऱ्यांचे वेगळे सांगायला नको. जयंती मोठीच व्हावी, पण भिंती हादरवणाऱ्या आवाजाने ती मोठी होते असे वाटत नाही.

कोणाच्या ताटातले?

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. तेवढ्यावर जगणारी आई घरात चार कुत्री असली की काय करते? आधी त्यांना वाढते आणि उरलेल्या चतकोरावर भागवते. विचारले तर भूक नाही म्हणते. अशक्तपणाने चक्कर आली की ते वयावर ढकलले जाते. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, विहारातल्या भगिनींनी अशा घरी गेल्यावर कुत्र्यांची भांडी पाहावीत आणि मग स्वयंपाकघरातला डबाही उघडून पाहावा. तिला कुत्री हाकलून दे म्हणणे निर्दयपणाचे आहे आणि ती ऐकणारही नाही. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा एखाद्या घराने भाकऱ्या आणि अंडी पोचवली तर दोघांचेही पोट भरेल.

संख्या मात्र वाढू देऊ नये. नसबंदीला पर्याय नाही. मादीला त्यामुळे गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो, जो उतारवयातल्या कुत्र्यांना मारतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत आणि त्यानुसार नसबंदी व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे शहरात महापालिकेची आहे. एकट्या म्हातारीने अर्ज केला तर तो कुठेतरी पडून राहतो. विहाराच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर वीस सह्यांनी गेला तर त्याची पोच तरी मिळते. नवे पिल्लू साठीनंतर आणावे का, असे विचाराल तर माझे उत्तर नाही असे आहे. कुत्रे बारा-चौदा वर्षे जगते. सोबत हवीच असेल तर कोणाला नको झालेले मोठे, शांत कुत्रे घ्यावे.

दाखल व्हायची वेळ येण्याआधी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. माझ्या मागे यांना कोण बघणार? याचे उत्तर छातीत कळ आल्यावर शोधता येत नाही, धडधाकट असताना शोधावे लागते. दोन माणसे ठरवा, एक शेजारी आणि एक थोडे दूरचे. दोघांनाही कुत्री ओळखत असली पाहिजेत. म्हणून महिन्यातून एक दिवस त्यांच्याच हातून जेवण घाला. ६ डिसेंबरला मुंबईला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाल तेव्हा ही तालीम आपोआप होते. दोन दिवस कुत्री नीट राहिली तर दवाखान्याचे आठ दिवसही निभावतात. शेजाऱ्यालाही आपली कुत्री असतील तर परतफेड सोपी.

घराची जादा किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका दाराशी आली आणि चार कुत्री आत कोणाला येऊ देत नाहीत, अशी वेळ येऊ शकते. म्हणून मागच्या खोलीत किंवा अंगणात त्यांना कोंडता येईल अशी एक कडी असलेली जागा हवी, आणि 'आत' म्हटले की तिथे जायची सवय त्यांना रोज जेवणाच्या वेळी लावावी. एकटे राहणाऱ्यांनी ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७ हा क्रमांकही १०८ च्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर प्रत्येक कुत्र्याचे नाव, वय, शेवटच्या लशीची तारीख, काय खाते, कोणाला कोणाजवळ बांधायचे नाही, डॉक्टर कोण. खाली आपली स्वतःची औषधे, रक्तगट आणि मुलाचा नंबर. तुम्हाला शुद्ध नसेल तेव्हा हा कागद बोलेल, आणि घाईत आलेला माणूस कुत्र्यांची माहिती शोधताना तुमचीही वाचेल. मुलांशी एकदा स्पष्ट बोलून घ्या की आपल्यानंतर कोणते कुत्रे कोण नेणार. फ्लॅटमध्ये चार नेता येणार नाहीत हे खरेच आहे. मग दोन कुठे, दोन कुठे, हे आज ठरवा. नाव लिहा, ज्याचे नाव लिहिले त्याला सांगा, आणि त्याने 'हो' म्हटल्यावरच त्या कागदावर राहू द्या. लशींच्या तारखा बदलतात, म्हणून कागद दरवर्षी बुद्धपौर्णिमेला नवा करा आणि एक प्रत शेजाऱ्याकडच्या किल्लीला बांधून ठेवा.